मालकाच्याच हातात चालणारी बंदूक

कोकणात आणि घाटमाथ्यावरच्या जंगलालगतच्या गावांत अनेक घरी शेतीसंरक्षणाच्या परवान्याची बंदूक आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याने पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीची, आणि ती पुरी पडत नसेल तर दुसऱ्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीची सोय ठेवली आहे. (रानडुक्कर मारण्याची परवानगी ही वेगळी बाब, ती वनखात्याकडची. बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे.) ही बंदूक राखणीच्या माळ्यावर जाते ती वर्षातल्या थोड्या रात्री. उरलेले सगळे दिवस ती घरात असते, आणि घरात पोरेही असतात. बंदूक दिसली की पोराचे हात शिवशिवणारच.

मग बंदुकीलाच मालक ओळखता आला तर? अमेरिकेत अशी पिस्तुले निघाली आहेत. जर्मनीच्या आर्माटिक्स कंपनीचे आयपी-१ पिस्तूल मनगटावरच्या घड्याळाशी बिनतारी संदेशाने बांधलेले होते. घड्याळ जवळ नसले तर ते चालू नये अशी रचना होती. कोलोरॅडोतल्या बायोफायर कंपनीने २०२३ मध्ये जाहीर केलेले पिस्तूल बोटाचा ठसा किंवा चेहरा ओळखते.

परंतु यंत्रापेक्षा त्यावरच्या कायद्याची हकीकत मला अधिक विचार करण्यासारखी वाटते. न्यू जर्सी राज्याने २००२ मध्ये कायदा केला की, असे पिस्तूल देशात कुठेही विक्रीला आले, की त्यानंतर तीन वर्षांनी राज्यातल्या दुकानांत तसलीच पिस्तुले विकायची. हेतू चांगला होता. पण बंदूकवाल्यांनी धसका घेतला, की असला एक नग विकला गेला तर आपली नेहमीची पिस्तुले बंद. २०१४ मध्ये मेरीलँड राज्यातल्या एका दुकानदाराने ते घड्याळाचे पिस्तूल विकायचे ठरवले, तर त्याला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या आणि त्याने माघार घेतली. म्हणजे जी वस्तू यावी म्हणून कायदा केला, तिचीच वाट त्या कायद्याने अडवली.

त्याच वर्षी न्यू जर्सीच्या महाधिवक्त्यांनी सांगितले की, घड्याळ दहा इंचांच्या आत असेल तर हे पिस्तूल परक्याच्या हातातही चालते, म्हणून ते कायद्याच्या व्याख्येत बसत नाही. २०१७ मध्ये एका जाणकाराने तर स्वस्तातल्या लोहचुंबकांनी त्याचे कुलूप निकामी करून दाखवले! शेवटी २०१९ मध्ये राज्याने जुनी सक्ती काढून टाकली. आधी आयोगाने कसोट्या ठरवायच्या, कसोटीला उतरलेल्या पिस्तुलांची यादी करायची, मग दुकानदाराने त्यातले निदान एक विक्रीला मांडायचे. घ्यायचे की नाही ते गिऱ्हाईक ठरवील.

हा क्रम मला पटतो. आपल्या मळणीयंत्राचेच पाहा ना. पेंढी आत सारताना कितीतरी माणसांचे हात गेले. मानक संस्थेने माप दिले: पेंढी सारण्याची पन्हळ किमान ९० सेंटिमीटर लांब हवी, आणि त्यातली ४५ सेंटिमीटर वरून झाकलेली हवी. १९८३ मध्ये धोकादायक यंत्रांचा कायदाही आला. हे माप फुटपट्टीने मोजता येते आणि पत्रा गावच्या वेल्डरकडे मिळतो. तपासणारा आणि वापरणारा, दोघांनाही कळणारी कसोटी ती हीच.

बंदुकीच्या बाबतीत ते इतके सोपे नाही. कोयता-कुदळीने रेषा झिजलेला अंगठा रेशन दुकानातल्या यंत्राला चार-चारदा ओळखत नाही, हे तुम्ही अनुभवले असेल. रात्री बांधावर, ओल्या पावसात, डुक्कर पुढ्यात असताना ते यंत्र काय करील? आपल्याकडे कधी असा नियम झालाच, तर कसोटी चिखलाच्या, घट्टे पडलेल्या हातावर घ्यावी, कचेरीतल्या मऊ बोटावर नको. किमतीचेही आहेच. बायोफायरने १,४९९ डॉलर सांगितले होते, म्हणजे आपले लाखाच्या वरच. आणि ठासणीच्या बंदुकीला यातले काहीच जोडता येणार नाही.

तेव्हा आपल्या घरापुरते कुलूप आपणच लावायचे. २०१६ च्या शस्त्र नियमांतही बंदूक सुरक्षित ठेवण्याविषयी तरतुदी आहेत. परवाना नूतनीकरणाला जाल तेव्हा कचेरीत त्या नीट विचारून घ्या. ठासलेली किंवा भरलेली बंदूक घरात आणूच नका. खुंटीला टांगणे बंद करा; ती कुलपाच्या पेटीत असू द्या. दारू, छर्रे, टोप्या किंवा काडतुसे दुसऱ्या पेटीत, दुसऱ्या कुलपात, चुलीपासून लांब ठेवा. आणि किल्ली देव्हाऱ्यात किंवा फडताळाच्या वरच्या फळीवर ठेवू नका, त्या जागा पोरांना पाठ असतात. ती करदोट्याला बांधा.