शिबिर संपल्यावर

परक्या देशात जाऊन श्रमदान करण्याची प्रथा स्विस अभियंते प्येर सेरेसोल यांनी रुजविली. 1934 च्या बिहार भूकंपानंतर ते इकडेही आले होते. आपल्याकडे 24 सप्टेंबर 1969 रोजी राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. तिचे विशेष शिबिर सात दिवसांचे असते.

आमच्या आणे पठाराला त्याचा उपयोग किती? जुन्नर तालुक्यात धरणे आहेत, पण पठार उंचावर. येथे पावसाचेच पाणी अडवावे लागते. समपातळीत खणलेला चर ते जमिनीत मुरवितो. मात्र एकदोन पावसाळ्यांत तो गाळाने भरतो. तेव्हा शिबिरार्थी नसतात, गावकरीच असतात. म्हणून जागा त्यांना विचारून ठरवावी. पुढे गाळ उपसायला जो परत येईल, त्याच्याच हातून खरी सेवा घडेल.