बाळाशी अहिराणीतच बोला

खानदेशातल्या शिरपूर, साक्री, अमळनेर, चोपडा या पट्ट्यात आजी-आजोबा आपसांत अहिराणी बोलतात, आई-वडील अहिराणी-मराठी मिसळून बोलतात. तीन वर्षांच्या नातवाशी मात्र सारं घर ओढूनताणून प्रमाण मराठी नाहीतर तुटक इंग्रजी बोलू लागतं. दारात केळीची बाग असते आणि मूल ‘बनाना’ पाठ करतं. पोर शाळेत मागे पडू नये, ही त्यामागची कळकळ खरी आहे. पण ज्या भाषेत आपण अडखळतो, तीत फार तर वस्तूंची नावं सांगता येतात. गप्पा मारता येत नाहीत. आणि मेंदूला हव्या असतात गप्पा.

अमेरिकेत संशोधक रेचल रोमिओ आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्ये चार ते सहा वर्षांच्या 36 मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. घरातलं बोलणं दिवसभर ध्वनिमुद्रित केलं आणि गोष्ट ऐकताना मुलांच्या मेंदूचं स्कॅनिंग केलं. मोठी माणसं एकूण किती शब्द बोलली, यापेक्षा मूल आणि मोठं माणूस यांच्यात किती वेळा बोलण्याची देवाणघेवाण झाली, याचा संबंध मेंदूतल्या ब्रोका या भाषाकेंद्राच्या सक्रियतेशी अधिक दिसला. घरचं उत्पन्न आणि पालकांचं शिक्षण हिशेबात धरूनही तो संबंध टिकला. शेतमजुराच्या घरासाठी याहून मोलाची बातमी कोणती असेल?

मोबाइल ही देवाणघेवाण करत नाही. संशोधक पॅट्रिशिया कुल यांनी 2003 मध्ये नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांना मँडरिन ऐकवली. समोर बसून खेळणाऱ्या माणसाकडून बारा बैठकांत बाळं त्या भाषेतले ध्वनी ओळखायला शिकली. तेच बोलणं पडद्यावर दाखवलं तेव्हा काहीच शिकली नाहीत. दोन वर्षांखालच्या मुलांना पडदा नकोच, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते.

मग बोलायचं काय? भरताचं वांगं भाजताना साल का तडकली, ते मुलाला विचारा. उत्तर चुकलं तरी ऐकून घ्या आणि पुढचा प्रश्न त्याच्या उत्तरातून काढा. केळीच्या घडाच्या फण्या बोट ठेवून मोजा: एक, दोन, तीन, ‘म्हणजे तीन फण्या’. शिकागोच्या सुझन लिव्हाइन यांना 2010 च्या अभ्यासात आढळलं, की सव्वा ते अडीच वर्षांच्या वयात घरात आकड्यांचं बोलणं जास्त ऐकलेली मुलं चार वर्षांच्या आसपास संख्येचा अर्थ अधिक चांगला जाणतात. नुसतं शंभरापर्यंत घोकून ही समज येत नाही. समोरच्या वस्तू मोजाव्या लागतात.

गाणी तर खानदेशात उदंड. आखाजीच्या म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या झोक्याची आणि कानबाई देवीची गाणी घराघरांत आहेत. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी (1880–1951) कधी शाळेत गेल्या नाहीत, तरी घरोट्यावर आणि शेतात त्यांनी रचलेली गाणी त्यांच्या मुलानं, सोपानदेवांनी, उतरून घेतली. निरक्षर घर भाषेनं गरीब असतं, हा समज त्या एका उदाहरणानंच खोटा ठरतो. यमक ओळखणाऱ्या चार-पाच वर्षांच्या मुलांना पुढे वाचन सोपं जातं, हे ब्रॅडली आणि ब्रायंट या संशोधकांनी 1983 मध्ये दाखवलं. तेव्हा आजीच्या गाण्यातला शेवटचा शब्द बाळाला पुरा करू द्या.

अहिराणी बोलल्यानं मराठी बिघडत नाही. लहान मूल दोन-तीन भाषा सहज पेलतं. 2020 चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवण्याची शिफारस करतं. म्हणून अंगणवाडीताईंना विनंती, ‘काय करी ऱ्हायना?’ असं विचारत येणाऱ्या पोराला टोकू नका; त्याच बोलीत उत्तर द्या आणि मराठी शब्द हळूहळू जोडा.

आणि पालकांनो, दीड वर्ष उलटूनही मूल एकही अर्थपूर्ण शब्द बोलत नसेल किंवा हाकेला वळत नसेल, तर ‘बोलेल उशिरा’ म्हणून थांबू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणीला येतं. त्याची वाट न पाहता सरकारी रुग्णालयात आधी कान तपासून घ्या.