तोडलेली फुले ताजी कशी ठेवाल? विटा-वाळूचा शीतकक्ष आणि सरकारी साहाय्य

फूल झाडावरून तोडले तरी ते जिवंत असते. ते श्वसन करते, पाणी गमावते आणि साठवलेली साखर वापरत राहते. उष्णता वाढली की हे सगळे झपाट्याने होते. म्हणूनच सकाळी टवटवीत दिसणारा माल दुपारपर्यंत मान टाकतो आणि व्यापारी सांगेल त्या भावाला तुम्हाला तो द्यावा लागतो. फूल एक दिवस जरी जास्त टिकले, तरी भावासाठी थांबण्याची संधी तुमच्या हातात राहते. यासाठी लगेच शीतगृहाचीच गरज असते असे नाही.

तोडणी करताना

• तोडणी पहाटे किंवा सकाळी लवकर करा. आदल्या दिवशी झाडांना पाणी द्या.
• झेंडू पूर्ण उमलल्यावर तोडा.
• निशिगंधाची सुटी फुले हवी असतील तर उमलण्याच्या बेतातील टपोऱ्या कळ्या तोडा. दांडे हवे असतील तर खालची एक-दोन फुले उमलल्यावर कापा.
• दूरच्या बाजारासाठी गुलाब घट्ट कळी असतानाच कापा.
• दांडा धारदार कात्रीने तिरका कापा, खालची पाने काढा आणि दांडा लगेच स्वच्छ पाण्याच्या बादलीत उभा करा.

बादली रोज घासून धुवा आणि पाणी बदला. घाणेरड्या पाण्यातले जंतू दांड्याच्या नळ्या बुजवतात. मग बादलीत पाणी असूनही फूल तहानलेलेच राहते. पाण्यात नुसती साखर घालू नका, त्याने जंतू वाढतात. पिकणारी केळी किंवा आंबे फुलांजवळ ठेवू नका. त्यांतून निघणाऱ्या इथिलीन वायूमुळे फुले, विशेषतः कार्नेशन, लवकर कोमेजतात.

विजेशिवाय चालणारा शीतकक्ष

दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने ‘शून्य ऊर्जा शीतकक्ष’ विकसित केला आहे. माठातले पाणी ज्या कारणाने गार होते, त्याच तत्त्वावर तो चालतो. तो असा बांधतात:

१. सावलीत, हवा खेळती असेल अशा उंच जागी सुमारे १६५ सें.मी. लांब व ११५ सें.मी. रुंद विटांचा तळ तयार करा.
२. त्यावर सुमारे ६७.५ सें.मी. उंचीची दुहेरी भिंत उभारा. दोन भिंतींमध्ये ७.५ सें.मी. अंतर ठेवा.
३. हे अंतर नदीच्या धुतलेल्या वाळूने भरा.
४. वर बांबू व गवताचे किंवा वाळ्याचे झाकण करा.
५. वाळू, विटा आणि झाकण सकाळ-संध्याकाळ पाण्याने भिजवा.

कोरड्या उन्हाळ्यात आतील तापमान बाहेरच्यापेक्षा १० ते १५ अंशांनी कमी राहू शकते आणि आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास राहते. फुले छिद्रे असलेल्या क्रेटमध्ये किंवा करंडीत सैल भरा. फुलांवर थेट पाणी मारू नका, ओली फुले दाबून ठेवली की कुजतात.

लक्षात ठेवा: हवा दमट असेल तर पाण्याची वाफ कमी होते आणि गारवाही कमी मिळतो. त्यामुळे कोकण, गोवा अशा किनारपट्टीवर आणि पावसाळ्यात या कक्षावर फार भिस्त ठेवू नका.

कुंडीतील रोपे

कुंड्या बंद, अंधाऱ्या गाडीत फार वेळ ठेवल्या तर पाने पिवळी पडतात. निघण्यापूर्वी पाणी द्या, निथळू द्या आणि पोहोचताच रोपे उजेडात, पण कडक उन्हापासून दूर ठेवा.

मोठी सोय हवी असेल तर

एकात्मिक फलोत्पादन विकास अभियान: २०१४-१५ पासून सुरू असलेल्या या अभियानात फुलशेतीचाही समावेश आहे. पॅक हाऊस, शीतखोली अशा काढणीनंतरच्या सुविधांसाठी ठरलेल्या मर्यादेत अनुदान मिळते. सर्वसाधारण राज्यांत केंद्र व राज्य यांचा वाटा ६०:४० असतो, तर ईशान्य व हिमालयीन राज्यांत ९०:१०. ही दोन सरकारांमधील वाटणी आहे. तुम्हाला ६० किंवा ९० टक्के अनुदान मिळेल असा तिचा अर्थ नाही. तुमच्या घटकाचा सध्याचा दर तालुका कृषी किंवा जिल्हा फलोत्पादन कार्यालयात विचारा.

कृषी पायाभूत सुविधा निधी: २०२० मध्ये सुरू झालेली ही कर्जयोजना आहे. शेतकरी, बचत गट आणि शेतकरी उत्पादक कंपन्या पात्र आहेत. २ कोटी रुपयांपर्यंतच्या कर्जावर जास्तीत जास्त ७ वर्षे ३ टक्के व्याज सवलत मिळते. अर्ज स्वीकारण्याची मुदत चालू आहे का, हे आधी बँकेत विचारून घ्या.

अर्ज करण्यापूर्वी

• आधार कार्ड, आधारशी जोडलेले बँक खाते आणि जमिनीचा उतारा तयार ठेवा. महाराष्ट्रात सातबारा, गोव्यात एक-चौदाचा उतारा, कर्नाटक व तेलंगणात पहाणी, मध्य प्रदेशात खसरा-खतौनी लागते.
• महाराष्ट्रात महाडीबीटी संकेतस्थळावर अर्ज करा. इतर राज्यांतील पद्धत तेथील फलोत्पादन विभागाकडून समजून घ्या.
• पूर्वसंमती पत्र हातात येण्याआधी बांधकाम किंवा खरेदी करू नका. आधी केलेला खर्च अनुदानासाठी नाकारला जाऊ शकतो.
• पावत्या जपून ठेवा. अनुदान मिळवून देतो म्हणून कोणी पैसे मागितले तर देऊ नका.

अर्ज मंजूर व्हायला वेळ लागू शकतो. पहाटेची तोडणी, स्वच्छ बादली आणि सावली यांसाठी मात्र कोणाच्याही मंजुरीची गरज नाही. ही सुरुवात तुम्ही उद्याच्या तोडणीपासूनच करू शकता.