गोटीवरील खूण

काचेची गोटी ठाऊक नाही असा मुलगा विरळाच. अंगणात लहानशी गल खणावी, नेम धरावा आणि समोरची गोटी टिपावी, हा खेळ पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. परंतु खेळून झाल्यावर गोटी उजेडात धरून तिच्याकडे निरखून पाहणारे थोडेच. असे पाहणाऱ्यास ती आपला इतिहास स्वतःच सांगते.

जर्मनीतील थुरिंगिया प्रांतात लाउशा नावाचे डोंगरी गाव आहे. तेथे १५९७ साली काचेची भट्टी उभी राहिली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तेथे गोट्या करण्यासाठी एक खास कात्री निघाली. तिच्या टोकाशी एक लहानशी वाटी व कापण्यासाठी पाते असे. कारागीर रंगीत काचेच्या बारीक कांड्या पारदर्शक काचेत बसवून एक जाड कांडी तयार करीत. ती तापवून पिळली म्हणजे आतील रंगांना वेलीसारखा पीळ पडे. मग कांडीचे मऊ टोक त्या वाटीत फिरवून गोल करीत आणि कापून वेगळे करीत. कापल्या जागी एक खडबडीत ठिपका राही. एक खूण आधीच्या छेदाची आणि दुसरी नंतरच्या छेदाची. म्हणून अशा गोटीवर बहुधा समोरासमोर दोन खुणा आढळतात. काही कारागीर ती जागा घासून सपाट करीत, तरी बारकाईने पाहिल्यास ती ओळखू येते.

पुढे अमेरिकेतील ॲक्रन येथील मार्टिन ख्रिस्टेन्सेन यांना गोट्या करण्याच्या यंत्राचे पेटंट १९०५ साली मिळाले. खाचा असलेल्या फिरत्या चाकांमध्ये तापलेल्या काचेचा गोळा आपोआप गोल होऊ लागला. १९१४ साली महायुद्ध पेटले, तेव्हा जर्मन माल अमेरिकेत येईनासा झाला आणि यंत्राच्या गोट्यांना बाजारपेठ मोकळी झाली. या गोट्या अधिक गोल व अधिक स्वस्त होत्या. मात्र हाताच्या छेदाची ती खडबडीत खूण त्यांवर सहसा नसते.

गोटी जुनी असली म्हणजे ती मौल्यवान असतेच, असे नाही. सोड्याच्या बाटलीतील गोटीचेच उदाहरण घ्यावे. हायरम कॉड या इंग्रज गृहस्थांनी १८७२ साली या बाटलीचे पेटंट घेतले. आतील वायूच्या दाबाने गोटी वर ढकलली जाते व रबरी कड्याला घट्ट बसून तोंड बंद करते. अशी गोटी जुनी असली, तरी साधी व एकरंगी असते. म्हणून संग्राहक तिला फारसे मोल देत नाहीत. मोल ठरविताना ते चार गोष्टी पाहतात: प्रकार, आकार, स्थिती आणि सौंदर्य. पाऊण इंचापर्यंतच्या हातघडणीच्या गोट्या पुष्कळ मिळतात. दोन इंचांच्या विरळा. ज्यांच्या पोटात पशुपक्ष्यांची रुपेरी दिसणारी आकृती असते, त्यांना विशेष मान आहे. स्थिती तपासताना चरे, टवके आणि आघाताने उमटलेल्या चंद्रकोरीसारख्या खुणा पाहाव्या लागतात. हातघडणीच्या नव्या गोट्यांवरही छेदाची खूण असते. तेव्हा केवळ एका खुणेवरून निर्णय करू नये.

चरे पाहून गोटी घासून चकचकीत करण्याचा मोह अनेकांना होतो. तो आवरावा. घासल्याने काचेचा वरचा थर जातो, गोटी लहान होते आणि छेदाची खूणही पुसली जाते. मग जाणकार तिची किंमत कमी करतात. कारण गमावलेला पुरावा पुन्हा मिळत नाही. पाण्याने अलगद धुऊन मऊ कापडाने पुसावी, एवढे पुरे.

ज्याला दोष समजून घासून टाकावयाचे, तीच कारागिराच्या हाताची सही असते. त्याचे नाव कोणी लिहून ठेवले नाही; त्याची ओळख त्या खडबडीत ठिपक्यातच उरली आहे.