थोरलीचं रडू : ‘तोतोरो’ बघताना

घरातली बाई दवाखान्यात दाखल झाली, की घर कोणावर पडतं? बहुतेक वेळा थोरल्या मुलीवर. ती डबे भरते, धाकट्याची वेणीफणी करते, शाळेतही जाते. सगळे म्हणतात, “किती शहाणी पोर!” आणि तिला काय वाटतं, हे विचारायचं राहून जातं. आज ज्या पिक्चरबद्दल सांगणार आहे, तो अशाच एका थोरलीचा आहे. नाव आहे ‘माय नेबर तोतोरो’, म्हणजे शेजारचा तोतोरो. हा जपानी कार्टूनपट 1988 साली आला. लेखक-दिग्दर्शक हायाओ मियाझाकी, आणि तो बनवणारी संस्था स्टुडिओ घिबली.

कार्टून म्हटलं की आपण मुलांना टीव्हीसमोर बसवतो आणि स्वयंपाकाला लागतो. हा मात्र मुलांबरोबर बसून बघण्यासारखा आहे.

गोष्ट साधी आहे. काळ 1950 नंतरचा. सात्सुकी आणि चार वर्षांची मेई या दोघी बहिणी वडिलांबरोबर खेड्यातल्या जुन्या घरात राहायला येतात. आई जवळच्या दवाखान्यात आहे. घरात हातपंप आहे, बाहेर भातखाचरं आहेत, शेजारी एक प्रेमळ आजी आहे. लावणीच्या दिवसांत शाळेला सुट्टी मिळते आणि त्या सुट्टीत वडील दोघींना सायकलवर बसवून आईला भेटायला नेतात. आई सात्सुकीचे केस विंचरते. घरात सगळ्यांचं करणारी ही मुलगी तेवढ्या वेळापुरती पुन्हा कोणाची तरी लेक होते.

घराशेजारी कापराचं प्रचंड झाड आहे. तिथे मेईला तोतोरो भेटतो. मोठ्ठा, केसाळ, झोपाळू असा हा रानातला जीव फक्त मुलांना दिसतो. मेईने सांगितल्यावर वडील तिला हसत नाहीत. तुला रानाचा राजा भेटला असेल, असं म्हणून ते दोघींना झाडापाशी नेतात आणि तिघं वाकून झाडाला नमस्कार करतात. देवराई जपणाऱ्या गावांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

आता हा पिक्चर बनतो कसा, ते बघू. वहीच्या पानांच्या कोपऱ्यावर थोडंथोडं बदलत चित्र काढायचं आणि पानं भराभर सोडायची, की चित्र हलतं. हीच युक्ती इथे मोठ्या प्रमाणावर आहे. चित्र आधी कागदावर पेन्सिलीने काढायचं, मग पारदर्शक पत्र्यावर उतरवायचं, त्याच्या मागून रंग भरायचा, रंगवलेल्या देखाव्यावर तो पत्रा ठेवायचा आणि कॅमेऱ्याने एक फोटो घ्यायचा. पडद्यावर एका सेकंदात असे 24 फोटो सरकतात. एक चित्र दोन-तीन फोटोंना पुरवलं, तरी 86 मिनिटांसाठी हजारो चित्रं लागतात. मागचे देखावे काझुओ ओगा या चित्रकाराच्या देखरेखीखाली रंगवले गेले. बांधावरचं गवत, पावसात भिजलेली वाट, दुपारचं ऊन नीट बघा. ज्याने शेत बघितलंय, त्याचाच हात तो. बारीक टाक्याची गोधडी हातात घेतल्यावर शिवणारीचे कष्ट आपल्याला कळतात, तसंच हे आहे.

बसस्टॉपचा प्रसंग चुकवू नका. पाऊस, अंधार, वडिलांची बस येत नाही, मेई सात्सुकीच्या पाठीवर झोपलेली. शेजारी येऊन तोतोरो उभा राहतो. सात्सुकी त्याला वडिलांची छत्री देते. छत्रीवर टपटप थेंब वाजतात आणि तो स्वारी खूश! बोलणं जवळजवळ नाहीच. वाट बघणं म्हणजे काय, ते तिथे कळतं.

आणि मग तो दिवस. दवाखान्यातून तार येते. आईचं सुट्टीला घरी येणं लांबलं, साधी सर्दी आहे, असं वडील फोनवर सांगतात. पण मागच्या वेळीही थोड्याच दिवसांचं आहे असंच सांगितलं होतं, हे सात्सुकीला आठवतं. आई मेली तर? इतके दिवस शहाण्यासारखी वागलेली ही मुलगी आजीसमोर ढसाढसा रडते. मेई ते बघते. आजी म्हणाली होती, की तिच्या मळ्यातलं खाल्लं की आई बरी होईल. म्हणून ती मक्याचं कणीस पोटाशी धरून एकटीच दवाखान्याकडे निघते आणि वाट चुकते. पुढे काय होतं, ते तुम्हीच बघा.

मियाझाकींची स्वतःची आई मणक्याच्या क्षयाने कित्येक वर्षं आजारी होती. म्हणूनच बहुधा या गोष्टीत खोटा धीर नाही. खलनायकही नाही. आजारपण आहे, आणि ते सोसणारी माणसं आहेत.

मला यातून एक गोष्ट महत्त्वाची वाटते. “काही नाही झालं” म्हटल्याने मुलांची भीती जात नाही. ती आत साठते. मुलांना झेपेल एवढं खरं सांगावं. आणि जी पोर रडत नाही, तिला आधी जवळ घ्यावं.

गटात दाखवणार असाल, तर एकीने आधी बघून गोष्ट मराठीत सांगावी. बोलणं कमी आहे, चित्रांवरून बाकीचं समजतं. शेवटी नावं सुरू झाली म्हणून उठू नका, त्या चित्रांतही गोष्ट पुढे चालू असते. नंतर अर्धा तास बोला. आपल्या घरात सात्सुकी कोण आहे? तिचे केस शेवटचे कोणी विंचरले? लहानपणी आपणच सात्सुकी होतो का?

मुलींनाही या बोलण्यात बसवा.