प्रतिकृतीचे वजन किती?

दुसऱ्या महायुद्धातील जर्मन टायगर रणगाडा सुमारे ५७ टनांचा. त्याची रेडिओने चालणारी, १/१६ मापाची प्रतिकृती किती वजनाची हवी? सोळाने भागू नका! लांबी, रुंदी, उंची तिन्ही सोळाव्या हिश्श्यावर येतात; म्हणजे १६ × १६ × १६ = ४०९६ ने भागायचे. उत्तर सुमारे १४ किलो. प्लॅस्टिकची प्रतिकृती याहून पुष्कळ हलकी. तिच्या स्प्रिंगा नीट दबत नाहीत, ती खेळण्यासारखी उडते. म्हणून हौशी मंडळी धातूचे पट्टे बसवतात. वजन तळाशीच वाढलेले बरे, तोलही सावरतो.

पण १४ किलो भरले तरी पट्ट्यांचे क्षेत्रफळ २५६ नेच भागले गेले आहे. तेव्हा जमिनीवरील दाब खऱ्याच्या सोळावा हिस्सा! १९४२ मध्ये लेनिनग्राडजवळच्या दलदलीत खरा टायगर रुतून बसला. ओल्या मातीत तुमची प्रतिकृती तशी सहज रुतणार नाही.