मार्कुस यांची मोटारगाडी : कालनिर्णय व कर्तृत्वनिर्णय

ऐतिहासिक वस्तूचा काल व कर्ता ठरवितांना प्रमाणांचें बलाबल कसें पाहावें, हें ताम्रपट, शिलालेख अथवा जुने कागद ह्यांच्या उदाहरणांनीं दाखविण्याची आपल्याकडे वहिवाट आहे. प्रस्तुत लेखांत आम्हीं मुद्दाम निराळें उदाहरण घेतलें आहे. तें आहे व्हिएन्ना येथील टेक्निशेस म्यूझियम ह्या वस्तुसंग्रहालयांत ठेवलेल्या एका जुन्या मोटारगाडीचें. विषय दूरदेशचा असला तरी परीक्षणाचा न्याय एकच आहे, हें वाचकांच्या ध्यानीं येईल. शिवाय ह्या प्रकरणीं आम्हांस एक ऋण फेडावयाचें आहे. जगांतील पहिली मोटार सीगफ्रीड मार्कुस यांनीं १८७५ सालीं तयार केली, असें आम्हीं शिक्षक असतांना कित्येक वर्षें वर्गांत सांगितलें. पुस्तकांत छापलेलें वाचलें, तें विद्यार्थ्यांपुढें ठेविलें. मूळ काय, हें पाहिलें नाहीं. निर्मूल कांहीं लिहावयाचें नाहीं, ही मल्लिनाथाची प्रतिज्ञा त्याच वर्गांत शिकवीत असतां आमच्या हातून हा प्रमाद घडावा, ह्याचा खेद वाटतो.

मार्कुस यांचा जन्म १८३१ सालीं जर्मनींतील मेक्लेनबुर्ग प्रांतीं माल्खिन ह्या गांवीं ज्यू कुटुंबांत झाला. बर्लिन येथें झीमेन्स व हाल्स्के यांच्या कारखान्यांत काम शिकून ते १८५२ सालीं व्हिएन्नास आले, व पुढें तेथेंच त्यांनीं स्वतःची कर्मशाळा थाटली. तारायंत्रें, सुरुंग पेटविण्याचीं विद्युत्-उपकरणें, दिवे अशा नाना वस्तूंवर त्यांनीं शंभराहून अधिक पेटंटें मिळविलीं. मात्र मोटारगाडी म्हणून एकहि पेटंट त्यांनीं घेतलें नाहीं. वादाचें बीज येथेंच आहे. पेटंट असतें तर तारीख व कर्ता हीं दोन्ही सरकारी दप्तरांतच मिळालीं असतीं. १८९८ सालीं मार्कुस निवर्तले आणि गाडीचा इतिहास इतरांच्या आठवणींवर सोंपविला गेला.

आतां वस्तूचें वर्णन करूं. गाडीचा सांगाडा लांकडी असून तिला चार चाकें आहेत. पुढील आंस वळविण्यास हातचक्र आहे. एंजिनास एकच आडवें सिलिंडर, सुमारें दीड लिटर मापाचें. शक्ति अवघी पाऊण अश्वशक्ति, आणि वेग तासास सहा ते आठ किलोमीटर, म्हणजे भरभर चालणाऱ्या माणसाएवढाच. बेंझिनमध्यें बुडून फिरणाऱ्या कुंचल्यानें त्याचे तुषार उडवून ते हवेंत मिसळावयाचे आणि लोहचुंबकाच्या योगें उत्पन्न केलेल्या विजेच्या ठिणगीनें तें मिश्रण पेटवावयाचें, अशी योजना आहे. सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही कीं एंजिन चतुर्घाती आहे. शोषण, संपीडन, ज्वलन व उत्सर्ग ह्या चार क्रिया दट्ट्याच्या चार धांवांत पुऱ्या होतात.

ह्या गाडीचें साल १८७५ असें दीर्घकाळ मानलें गेलें. कार्ल बेंझ यांचें पेटंट २९ जानेवारी १८८६ चें. तेव्हां १८७५ हें साल खरें असल्यास मार्कुस हे बेंझ यांच्या अकरा वर्षें पुढें ठरतात. ऑस्ट्रियन लोकांस हें साल प्रिय वाटावें, ह्यांत नवल नाहीं. परंतु प्रियत्व हें प्रमाण नव्हे. ह्या मतावर पुढील आक्षेप येतात.

(१) चतुर्घाती एंजिन निकोलाउस ओटो यांनीं १८७६ सालीं सिद्ध केलें व १८७७ सालीं त्याचें पेटंट घेतलें. गाडी १८७५ ची मानल्यास मार्कुस हे ओटो यांच्याहि पूर्वीचे ठरतात. आतां, ओटो यांचें पेटंट पाडण्यासाठीं प्रतिस्पर्धी कारखानदारांनीं जुने आधार कसोशीनें शोधून काढले. शेवटीं बो द रोशास या फ्रेंच गृहस्थांच्या १८६२ सालच्या लेखाच्या आधारें १८८६ सालीं जर्मनींत तें रद्द झालें. व्हिएन्नाच्या रस्त्यांत चतुर्घाती एंजिनाची गाडी १८७५ पासून धांवत असती, तर कागदावरील कल्पनेपेक्षां तो पुरावा किती तरी सबळ होता.

(२) गाडीवरील कुंचल्याची व ठिणगीची योजना ज्या जातीची आहे, त्या जातीच्या योजनांचीं मार्कुस यांचीं पेटंटें १८८३ च्या सुमाराचीं आहेत. पोथीचें वय ठरवितांना तींत उद्धृत केलेला सर्वांत अलीकडचा ग्रंथकार कोण, हें आपण पाहतों. पोथी त्याच्या पूर्वीची असूं शकत नाहीं. गाडीचे भाग हीं तिचीं उद्धरणेंच समजावीं.

(३) आंतल्या पुराव्यास बाहेरील पुराव्याची जोड मिळाली. मोराव्हियांत आदामोव्ह (जर्मन नांव आदाम्स्टाल) येथें मेर्की, ब्रोमोव्हस्की व शुल्ट्स यांचा यंत्रांचा कारखाना होता. मार्कुस यांचीं एंजिनें तेथें होऊं लागलीं तीं १८८७-८८ च्या सुमारास. गुस्टाव्ह गोल्डबेक यांनीं १९६१ सालीं मार्कुस यांचें चरित्र प्रसिद्ध केलें. त्यांच्या व त्यांच्यामागून हान्स झेपर यांच्या संशोधनानें ही गाडी त्याच कारखान्यांत १८८८-८९ सालीं बांधली गेली, असें ठरलें.

तात्पर्य, आंतील व बाहेरील अशीं दोन्ही प्रमाणें एकाच कालाकडे बोट दाखवितात. १८७५ च्या बाजूस उरते ती केवळ उत्तरकालीन दंतकथा.

मग ही दंतकथा निघाली कोठून? केवळ लबाडी म्हणून तिची वाट लावणें योग्य नाहीं. मार्कुस यांनीं १८७० च्या सुमारास दुसरी एक गाडी खरोखरच केली होती, व तिचें त्या सालचें छायाचित्र उपलब्ध आहे. तो साधा हातगाडा होता. त्यास ना बैठक, ना वळविण्याची सोय, ना ब्रेक. एंजिनाचा जोर थेट मागील चाकांवर येत असल्यामुळें सुरू करतेवेळीं गाड्याची मागची बाजू उचलून धरावी लागे. हा गाडा आज अस्तित्वांत नाहीं. आमचें अनुमान असें कीं, मार्कुस यांनीं सत्तरच्या सुमारास गाडी चालविली ही लोकांची आठवण खरी होती. परंतु गाडा नष्ट झाला, गाडी उरली, आणि गेलेल्या वस्तूचें साल उरलेल्या वस्तूस चिकटलें. एकाच नांवाच्या दोन ग्रंथकारांचा काल एकमेकांत मिसळावा, तसाच हा प्रकार आहे.

कर्तृत्वाचा निर्णयहि येथेंच होतो. पहिला गाडा हें मार्कुस यांचें घरचें काम. दुसऱ्या गाडीची कल्पना व एंजिनाची रचना त्यांची, घडण मात्र आदामोव्हच्या कारागिरांची. कवि एक व लेखक दुसरा, असें पोथींत असतें तसें हें आहे. दोघांचींहि नांवें नोंदवावीं.

येथें एक नाजूक शंका उत्पन्न होते, व तिचें उत्तर दिल्यावांचून लेख संपविणें अप्रामाणिकपणाचें होईल. १९३८ सालीं ऑस्ट्रिया जर्मनींत विलीन झाल्यावर, मार्कुस ज्यू म्हणून, व्हिएन्नाच्या तंत्रविद्यालयापुढील त्यांचें १९३२ सालीं उभारलेलें स्मारक नाझींनीं हालविलें. जुलै १९४० मध्यें जर्मन प्रचार-मंत्रालयाच्या एका पत्रानें मोठ्या ज्ञानकोशांत मोटारीचे जनक म्हणून मार्कुस यांच्याऐवजीं डाइमलर व बेंझ यांचीं नांवें घालावयाचें ठरल्याचें कळविलें. गाडी लपवून ठेविली गेली म्हणून ती वांचली. १९४८ सालीं स्मारक पुनः उभें राहिलें, आणि १९५० सालीं गाडी पुनः चालवून दाखविण्यांत आली. अशा माणसाचें साल १८७५ वरून १८८८ वर आणणें म्हणजे नाझींचेंच काम पुरें करणें नव्हे काय, असें कोणी विचारील.

आमचें उत्तर नकारार्थी आहे. नाझींनीं पुरावा तपासला नाहीं; त्यांनीं माणसाची जात पाहिली आणि नांव पुसलें. संशोधकांनीं माणसाचें नांव राखून साल तपासलें. दोहोंचा परिणाम एका बाबतींत सारखा दिसला, म्हणून हेतु व पद्धति एक होत नाहींत. किंबहुना अन्यायाची भरपाई खोट्या सालानें करूं गेल्यास, तें साल कोसळतांच खऱ्या कर्तृत्वावरहि अविश्वास येतो. आपल्या इतिहासांत शिवछत्रपतींच्या जन्माचें शके १५४९ हें साल बखरींच्या बळावर चालत होतें. लोकमान्य टिळकांनीं १९१६ सालीं जेधे शकावली उजेडांत आणल्यावर शके १५५१ हें साल पुढें आलें. त्यायोगें महाराजांच्या थोरवींत तिळमात्र उणें आलें नाहीं.

मार्कुस यांच्या पदरीं निखळ असें काय उरतें? १८७० च्या सुमारास द्रव इंधनावर चालणारा गाडा केल्याचा मान. कुंचल्याच्या व ठिणगीच्या स्वतंत्र योजना. आणि जगांत आज शिल्लक असलेल्या अगदीं जुन्या मोटारींपैकीं एक गाडी. एवढें एका आयुष्यास पुष्कळ आहे. आमचे जे विद्यार्थी आतां प्रौढ झाले आहेत, त्यांपैकीं कोणाच्या दृष्टीस हा लेख पडल्यास त्यांनीं आपल्या जुन्या वहींतील १८७५ हा आंकडा खोडावा व त्या जागीं १८८८-८९ असें लिहावें. मार्कुस हें नांव मात्र खोडूं नये. इत्यलम्.